दुसऱ्या पेटीतली चरबी

बूढापारा, रायपूर
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय निवू,

जय भीम. आम्ही इकडे बरे आहोत. तू गोव्यात बरी असशील, आणि समुद्राकाठी राहूनही मेसमधलं ते पाणचट वरणच खात असशील, असं धरून चालतो. तुझ्या आईचा खोकला निम्म्यावर आला आहे. यशदीपची भिलाईची नोकरी पक्की झाली, तरी साहेब अजून तिसऱ्या हाकेलाच उठतात. तुझ्या खोलीची खिडकी लागत नव्हती, ती रंधा मारून नीट केली. दोन मिलिमीटर फुगली होती.

तू म्हणशील, फोन असताना बाबा पत्र काहून लिहून राहिले. फोनवर तू हिंदीत बोलतेस, मी मराठीत बोलतो, मधूनच तुझी आई स्वयंपाकघरातून काहीतरी सांगते, आणि कामाचं राहून जातं. कागदावर मधे कोणी बोलत नाही.

काम म्हणजे फार काही नाही. पेपरचं प्रूफ तपासून परत पाठवलंस का? नसेल पाठवलं तर चार दिवस थांब. आकृती तीनमधली मापं मला पुन्हा एकदा पाहायची आहेत. प्रबंध अठ्ठावीसला जमा करायचा आहे हे माझ्या ध्यानात आहे. सतरा दिवस आहेत. चार गेले तरी तेरा उरतात.

कॉलेजात गेल्या आठवड्यात पूर्णिमा मॅडमनी प्रॅक्टिकलसाठी पुन्हा आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारक्या कोळंबीसारख्या जिवाची, सुकी अंडी मागवली होती. पाकीट मीच उघडलं, मीठपाणी मीच केलं. लिटरला तीस ग्रॅम, तराजूवर तोलून. चमच्याचा अंदाज मी करत नाही. अठ्ठावीस तासांत नारिंगी ठिपके पोहू लागले. पोरं भोवती जमली. एक पोट्टी विचारते, "मेश्राम भैया, ये खाते क्या हैं?" म्हटलं, "आज कुछ नहीं. आज इनका मुँह चालूच नाही. अंड्यात आईने जे ठेवलं, त्यावर आजचा दिवस." मॅडम दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अश्विनजी, मेरा लेक्चर तो आपने ले लिया." पूर्वी असं काही ऐकलं की दोन दिवस छाती फुगलेली असायची माझी. त्या दिवशी मी लगेच भांडी धुवायला गेलो.

शरच्चंद्र भैया तलावावर रोज भेटतात. तेच, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. तुझ्या पेपरचं पहिलं पान मी लॅमिनेट करून आणलं होतं, ते त्यांनी चहाच्या ठेल्यावर सगळ्यांना दाखवलं. "हे पहिलं नाव पोट्टीचं, हे दुसरं बापाचं. पण हा जीव कोणता आहे भाऊ, जो दिसतच नाही?" मग मला सांगावं लागलं, की कोपेपॉड म्हणजे कोळंबीच्या लांबच्या नात्यातला, तिळाएवढा जीव, समुद्रात असतो. जन्मतो तेव्हा अंड्यातल्या तेलावर जगतो. सहा रूपं लहानपणाची, मग अंग बदलतं आणि आणखी पाच, मग मोठा होतो. त्या पाचव्यात आतड्याच्या बाजूने तेलाची लांबट पिशवी भरते, काचेतून दिसते तशी आरपार. पावसाळ्यात किनाऱ्याशी खायला मुबलक असतं तेव्हा ती भरून घ्यायची, आणि मग खोल अंधारात जाऊन महिनोन्महिने न खाता पडून राहायचं. पुढच्या पावसाळ्याला वर यायचं, उरलेल्या चरबीतून अंडी घालायची.

शरच्चंद्र भैया म्हणाले, "मतलब टिफिन बांधके ड्यूटीवर. आणि तुम्ही बापलेकीनं काय शोधलं? टिफिन चोरला कोणी?"

सगळे हसले. मीही हसलो.

थांब म्हटलं आहे ते विसरू नको.

तुझा
बाबा

ता. क. एकतीस तारखेला तू फोनवर पेट्यांबद्दल विचारलंस, तेव्हा मी तलावाजवळ रस्त्यावर होतो. गाड्यांचा फार आवाज होता.


रायपूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

निवू बेटा,

स्पीड पोस्ट दोन दिवसांत पोचलं आणि काल तुझा फोन आला. "बाबा, चिट्ठी मिल गयी. आकृती तीन में गड़बड़ क्या है? सर रोज प्रूफ पूछ रहे हैं." मी म्हणालो, पत्रात लिहितो. तू म्हणालीस, "अरे, फिर पत्र! अभी बोल दो ना." मी फोन तुझ्या आईच्या हातात दिला आणि आंगणात जाऊन उभा राहिलो. तिने तुला पालकात डाळ किती घालायची ते सांगितलं. मला आतून ऐकू येत होतं. तू माझ्याबद्दल विचारलंस तेही ऐकू आलं.

आता लिहितो. क्रमाने लिहितो, म्हणजे कुठे निसटणार नाही.

एप्रिलमध्ये तू दोन पेट्या घेऊन आलीस. पहिलीत गेल्या जुलै-ऑगस्टचे, म्हणजे भर पावसाळ्यातले नमुने. दुसरीत ऑक्टोबर-नोव्हेंबरचे, म्हणजे ते जीव खोल पाण्यात जायला निघतात तेव्हाचे. दोन्ही फॉर्मलिनमध्ये टिकवलेले. तुझ्या संस्थेत सूक्ष्मदर्शकाला रांग होती, आणि तू म्हणालीस, की बाबांचा हात मशीनपेक्षा बरा. जून लागताच तू परत गेलीस. पेट्या आणि मोजणी माझ्याकडे राहिली. सुट्टीत कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकावर मी पाचव्या रूपातला एकेक जीव सुईने आडवा करून, अंगाची लांबी आणि तेलाच्या पिशवीची लांबी-रुंदी मोजून वहीत घातली. पहिल्या पेटीतल्या बहुतेक जिवांची पिशवी अर्ध्या अंगाएवढी. दुसऱ्या पेटीतल्या जिवांत जवळजवळ काही नाही. कुठे पुसट रेघ, कुठे तीही नाही.

तुझ्या सरांना हेच तर आवडलं. आपल्या किनाऱ्यावरचे हे जीव चरबी घेऊन झोपायला जात नाहीत, ती आधीच वाढीत खर्च करून टाकतात. असं आधी कोणी दाखवलं नव्हतं, असं तू सांगितलंस. त्यावर तुझं चौथं प्रकरण आहे. त्यावरच पेपर आहे.

निवू, दुसऱ्या पेटीतलं फॉर्मलिन मी काढलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात. बाटल्या घरी, तुझ्या खोलीत होत्या. तुझ्या आईला खोकला होता आणि फॉर्मलिनचा वास तिच्या छातीत बसत होता. म्हणून मी बाटल्यांतलं फॉर्मलिन काढलं, नमुने धुतले आणि त्यांत पंच्याण्णव टक्क्यांचं स्पिरिट घातलं. कॉलेजच्या म्युझियममधल्या बरण्या मी सत्तावीस वर्षं अशाच राखल्या आहेत. एकही साप, एकही मासा माझ्या हाताखाली सडला नाही. पहिली पेटी कॉलेजात होती, तिला हात लावला नाही.

स्पिरिट चरबी विरघळवतं. तेलकट स्लाइड स्पिरिटने पूस, हे पोरांना मीच सांगतो, दरवर्षी. आणि ही साधी गोष्ट मला पाच महिने सुचली नाही. दुसऱ्या पेटीतल्या जिवांनी चरबी खर्च केली की नाही, हे कोणाला ठाऊक नाही. ती बाटलीत गेली असेल.

परवा, बारा तारखेला, मला हे कळलं. ती आर्टेमियाची पिल्लं होती ना, त्यातली दहा मी फॉर्मलिनमध्ये ठेवली, दहा स्पिरिटमध्ये. नवव्या दिवशी पाहिलं. फॉर्मलिनमधल्या दहाच्या दहांत तेलाचे थेंब जागेवर. स्पिरिटमध्ये दोघांत पुसट, आठांत काही नाही. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

प्रूफ पाठवू नको. सरांना काय सांगायचं ते तू ठरव. चूक माझी आहे. पण वासाचं कारण होतं, हेही त्यांना सांग.

तुझा
बाबा


रायपूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५
सकाळी साडेनऊ

निवू,

शुक्रवारचं पत्र तुला अजून मिळालं नसेल. मिळेल तेव्हा ते आणि हे शेजारी ठेवून वाच. त्या पत्रात खोटं आहे.

अकरा तारखेला मी तुला थांब म्हणालो, आणि मला बारा तारखेला कळलं असंही लिहिलं. तू हे पहिल्या वाचनातच पकडलं असतंस. नऊ दिवसांचा प्रयोग तीनदा केला म्हणतो, तर ते दिवस कुठून आणले? सत्तावीस वर्षं तारखा लिहिल्या मी, बाटलीवर, वहीत, रजिस्टरमध्ये. पहिल्यांदा खोटी लिहिली आणि तीही जमली नाही.

पत्रांची नक्कल मी ठेवतो हे तुला माहीत आहे. काल तुझी आई टेबल पुसत होती, तिने ती वाचली. वाचून माझ्यापुढे आणून ठेवली.

"माझ्या खोकल्यावर काहून ढकललं? मी म्हटलं होतं काय, बाटल्या बदला म्हणून?"

मी म्हणालो, "तुले वास येत होता ना."

"मले वास येत होता तर खिडकी उघडली असती मी. खोकला मले ऑगस्टात झाला. जूनमध्ये मी नागपूरले होती, माझ्या बहिणीकडे. विसरले काय?"

विसरलो नव्हतो, निवू. लिहिताना मला ते ठाऊक होतं. तरी लिहिलं.

खरं कारण हे. पेटीच्या झाकणाच्या आत तू कागद चिकटवला होतास, तुझ्या अक्षरात, हिंदीत: बाटलीतला द्रव बदलू नये. मी तो वाचला. हसलो. म्हटलं, ही कालची पोट्टी, हिला बरणी धरायला मी शिकवलं, आणि ही मला सांगते. फॉर्मलिनमध्ये नमुना कडक होतो, पाय तुटतात. स्पिरिटमध्ये मऊ राहतो, सुईने आडवा करायला सोपा. माझी मोजणी जास्त बारीक होईल असं मला वाटलं. तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं असंही वाटलं. वहीत बदलाची नोंद केली नाही, कारण नोंद केली असती तर तू ती वाचली असतीस.

आता तारीख.

मला चोवीस ऑक्टोबरला कळलं. दिवाळीची सुट्टी होती, कॉलेज रिकामं. पहिल्या प्रॅक्टिकलची अंडी चौदा तारखेला फुटली होती, त्यातली पिल्लं मी पंधरा तारखेला म्युझियमसाठी भरून ठेवली होती, निम्मी फॉर्मलिनमध्ये, निम्मी स्पिरिटमध्ये. प्रयोग वगैरे काही नव्हता. फॉर्मलिनची बाटली संपली म्हणून उरलेली स्पिरिटमध्ये घातली, एवढंच. चोवीसला लेबल लावण्याआधी सहज काचेखाली धरली. एकात नारिंगी, थेंब भरलेले. दुसऱ्यात रिकामी टरफलं असावीत तशी पिल्लं, आणि वरचं स्पिरिट किंचित पिवळं.

मी ते पिवळं स्पिरिट बराच वेळ पाहत राहिलो. मग तुझ्या दुसऱ्या पेटीतली एक बाटली आणून शेजारी धरली. तीही पिवळी होती. मोजणीच्या वेळीही पिवळीच असणार. मी पाहिली नव्हती. मी फक्त जीव पाहत होतो.

त्यानंतर चार दिवस मी काय केलं ते सांगतो. नवी अंडी भिजवली. पुन्हा निम्मी इकडे, निम्मी तिकडे. दर सहा तासांनी कॉलेजात जाऊन पाहायचो. चौकीदार म्हणाला, "भैया, घर में झगड़ा हुआ क्या?" मला वाटत होतं, एखादं तरी पिल्लू स्पिरिटमध्ये चरबी राखेल. एकाने जरी राखली असती तरी मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं.

एकतीस तारखेला तुझा फोन आला. तू म्हणालीस, "बाबा, दोनों बॉक्स फॉर्मलिन में ही थे ना? सर पूछ रहे हैं, पद्धती वाले पन्ने में लिखना है."

मी म्हणालो, "हव."

गाड्यांचा आवाज नव्हता. मी घरात होतो, पलंगावर बसलेलो, आणि तुझा प्रश्न मला नीट ऐकू आला होता. तू म्हणालीस, "ठीक है, लिख देती हूँ." आणि लिहिलंस. म्हणजे माझं खोटं आता तुझ्या अक्षरात आहे.

एवढं का केलं ते तू विचारशील, किंवा विचारणारही नाहीस, म्हणून सांगून टाकतो. ऑगस्टात तू सांगितलं होतंस, की पेपरवर माझं नाव घालायचं म्हटल्यावर सर हसले. "लॅब अटेंडंट का नाम?" आणि तू म्हणालीस, "सर, मापा उन्होंने है." त्यानंतर आठ दिवस सर तुझ्याशी धड बोलले नाहीत, हेही तू हसत हसत सांगितलंस. माझ्या बारावीनंतर तुझे आजोबा, गुलाबराव, गेले, शिक्षण थांबलं, आणि काही वर्षांनी मी या नोकरीला लागलो. पुढचं सगळं मी मॅडम लोकांनी टाकून दिलेल्या पुस्तकांतून शिकलो. डिक्शनरी घेऊन. एका पानाला एक दिवस. माझ्या नावापुढे कधी काही लागलं नाही. पेपरवर ते पहिल्यांदा छापलेलं दिसलं, तेही तुझ्या नावाशेजारी. खरं सांगितलं की ते जाणार, हे मला चोवीसलाच दिसलं. मी तुझ्या प्रबंधाचा विचार केला नाही. आधी नावाचा केला. तुझा नंतर केला, आणि तेव्हाही असा केला, की कोणाला कळणार नाही.

तुझी आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पोट्टीनं तुमचं नाव तुम्ही नीट मोजता म्हणून टाकलं. तिले दुसरं काय माहीत होतं?" मग ते लॅमिनेट केलेलं पान तिने कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलं.  

आता कामाचं.

दुसऱ्या पेटीत चौऱ्याऐंशी बाटल्या होत्या. कॉलेजातली स्पिरिटची कॅन सत्तराव्या बाटलीला संपली. तू फोनवर मोजायला सत्तर पुरे म्हणालीस, म्हणून नवी कॅन मागवली नाही. बाटली क्रमांक ७१ ते ८४ जशा तू दिल्यास तशा आहेत. तुझ्या हातचं चिकटपट्टीचं सील आहे, तुझी तारीख आहे, आत फॉर्मलिन आहे. चौदा.

या चौदा मी मोजणार नाही. काल दुपारी बसलो होतो. सूक्ष्मदर्शक उघडला, दिवा लावला, सुई पुसली. दिवसाला दोन बाटल्या झाल्या असत्या, आणि अठ्ठावीसच्या आत तुला आकडे मिळाले असते. पण मला चरबी दिसावी असं वाटतंय की दिसू नये असं, तेच मला सांगता येईना. दिसली तर तुझं प्रकरण पडतं. दिसली नाही तर माझी चूक झाकली जाते, तुझं प्रकरण उभं राहतं, नाव राहतं. असं वाटणाऱ्या माणसाने काचेखाली पाहू नये. दिवा मालवला.

बाटल्या यशदीप घेऊन येतोय. उद्या निघतो. तो म्हणाला, "दीदी मुझे मारेगी या आपको?" मी म्हणालो, "तू फक्त पेटी आडवी होऊ देऊ नको." हे पत्रही त्याच्याजवळच देतोय, शुक्रवारचं पोस्टात गेलं आहे, त्याची नक्कल सोबत ठेवली आहे. माझी वहीही देतोय. ज्या पानांवर बदलाची नोंद असायला हवी होती, तिथे मी आज लाल शाईने नोंद केली आहे, आजच्या तारखेने. मागची तारीख घातली नाही.

बाटल्या तुझ्याकडून नको, दुसऱ्या कोणाकडून मोजून घे. त्या कोणत्या महिन्यातल्या आहेत हे त्याला सांगू नको. अठ्ठावीस तारीख चुकली तर चुकू दे. सहा महिने वाढतील. तुझ्या सरांचं बोलणं ऐकावं लागेल, ते तू माझ्यावर ढकल. या वेळी ढकलणं खरं आहे. मला बोलावलंस तर मी येऊन त्यांच्यासमोर उभा राहीन आणि हेच सांगीन, हिंदीत, एकही शब्द न बदलता. बोलावलं नाहीस तर येणार नाही. फोन केलास तर उचलीन. तुझ्या आईकडे देणार नाही.

पेपरमधून माझं नाव काढ. सर म्हणतील राहू द्या, तरी काढ.

एक गोष्ट राहिली. आज सकाळी पेटी बांधताना ७३ क्रमांकाची बाटली मी खिडकीच्या उजेडात धरली. सील तोडलं नाही, भिंग लावलं नाही. तरी माझे डोळे सत्तावीस वर्षं हेच करत आले आहेत, नुसत्या डोळ्यांनीही मला थोडं दिसतं. मी काय पाहिलं ते लिहीत नाही. लिहिलं तर तू तेच शोधशील.

हे पत्र तुला सरांपुढे ठेवावं लागेल, म्हणून खाली पूर्ण नाव लिहितो.

अश्विन गुलाबराव मेश्राम
प्रयोगशाळा परिचर
दुसऱ्या पेटीतील बाटली क्र. १ ते ७० यांतील फॉर्मलिन काढून स्पिरिट घालणारा, आणि ३१ ऑक्टोबरला विचारल्यावर 'हव' म्हणणारा